उरलेली हवा

‘आमचं दोघांचं बंद झालं असं समजा, डॉक्टर,’ रुपचंद म्हणाला. ‘एकाची हवा संपत आली की दुसऱ्यानंही त्याच्याबरोबर वर यायचं. पाण्यातला नियमच आहे तो.’

डॉक्टर हसले, ‘जोडी असावी तर अशी’ म्हणाले आणि गोळ्यांची नावं लिहायला लागले. चेलनाही हसली. इतक्या वर्षांच्या संसारात बाईला वेळेवर हसायची सवय लागूनच जाते, आणि चेलना तर भांड्यांच्या दुकानवाल्यांची सून. गिऱ्हाईक कसंही बोललं तरी चेहरा घासलेल्या ताटासारखा लख्ख ठेवायचा, हे तिला सासरी पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं होतं. तिच्या मांडीवर पर्स होती. ट्रेडमिलच्या तपासणीला जाताना रुपचंदने काढून दिलेलं सगळं त्या पर्समध्ये होतं. फोन, घड्याळ, अंगठी, पाकीट. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या हृदयाच्या एका नळीत जाळी बसवली होती आणि आज ते दाखवायला आले होते. आता पाठीला हवेचं सिलिंडर बांधून समुद्राखाली जायचं नाही, हे डॉक्टर सांगणार याची दोघांनाही कल्पना होती. पण जळगावहून गाडी निघाल्यापासून चेलना एक वाक्य तोंडात घोळवत होती. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, वाक्य तोंडातच. ‘यांचं बंद, ते ठीक आहे. पण मी जाऊ ना?’ खरं तर हे डॉक्टरांना विचारायचंच नव्हतं. डॉक्टरांच्या देखत रुपचंदला विचारायचं होतं. एक परका माणूस समोर बसलेला असला की त्याला हसून उडवून लावता आलं नसतं, नीट उत्तर द्यावं लागलं असतं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असा तो सगळा बेत होता. तिने भांडं पदराखालून काढायच्या आतच त्याने दोघांच्या वतीने दुकानाचं शटर खाली ओढून घेतलं.

धुळ्याला येण्याचं कारणही तसं गमतीचंच. जळगावात हृदयाचे डॉक्टर काय कमी आहेत? पण जळगावात दवाखान्यात जायचं म्हणजे बाहेरच्या बाकावर एक साडू, एक मेहुणा आणि जैन स्थानकात सामायिकेला, म्हणजे ध्यानाला, बसणारे दोघे-तिघे हमखास भेटणार, आणि संध्याकाळच्या आत सगळ्या सराफ बाजारात रुपचंदचं हृदय फिरून येणार. मुलीचं लग्न व्हायचं होतं. तेव्हा धुळं बरं, असं ठरलं. सासूबाईंनासुद्धा, म्हणजे भंवरीबाईंना, दुकानाच्या कामाला जातो असंच सांगितलं होतं. डबा भरताना त्यांनी एक खाखऱ्याची चवड जास्त ठेवली होती आणि ‘दिवस मावळायच्या आत जेवून घ्या’ म्हणाल्या होत्या. घरात सगळ्यांचा चौविहार, सूर्य बुडाला की पाणीही तोंडात घ्यायचं नाही.

जिना उतरून दोघं आग्रा रोडवर आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. गाडी पाचकंदील चौकाच्या पलीकडे, जागा मिळाली तिथं लावलेली होती आणि डबा गाडीत होता. ‘चल लवकर,’ असं म्हणून रुपचंद पुढे झाला. तो नेहमीच पुढे असतो. लग्नात, बाजारात, पालिताण्याच्या पायऱ्यांवर, कुठंही; तो पुढे आणि ती चार पावलं मागे, मध्ये कधी मुलगी, कधी पिशव्या. यात रागावण्यासारखं काही आहे असं तिला पूर्वी वाटलं नव्हतं. पुरुष पुढे चालतात, बायका मागे चालतात, वाट तर एकच असते. पण आज ‘आमचं दोघांचं बंद’ हे शब्द चपलेत शिरलेल्या खड्यासारखे पायाखाली टोचत होते, आणि भरीताच्या वांग्यांच्या एका हातगाडीपाशी ती थांबली. मुद्दामच थांबली. बघू, म्हटलं, वळतो का. गर्दीत ओळखायला डोक्यावर पांढरी टोपी नाही, काही नाही. मागून पाहिलं तर साधा आकाशी शर्ट आणि मानेवर विरळ झालेले केस. एक रिक्षा आडवी आली, दोन मोटारसायकली गेल्या, कॉलेजच्या पोरींचा घोळका गेला. आकाशी शर्ट आणखी एकदा दिसला आणि मग दिसेनासा झाला. त्याने मागे पाहिलं नव्हतं.

त्याच्यानंतर कितीतरी क्षणांनी तिच्या लक्षात आलं, की आपण श्वास मोजतो आहोत. बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, दिसेनासा झाला तर काय करायचं, हे मालवणला बुडी शिकवणाऱ्या शिक्षकाने त्यांच्याकडून अगदी पाढे म्हणून घ्यावेत तसं घोकून घेतलं होतं. घाबरायचं नाही. इकडेतिकडे पळायचं नाही. आहात तिथं थांबून एक मिनिट चहूकडे पाहायचं. नाहीच दिसला तर सावकाश वर यायचं. तोही तेच करत असतो, आणि वर पाण्यावर दोघांची गाठ पडते. ‘दोघांनी नियम पाळला तर कुणी हरवत नाही,’ असं तो शिक्षक म्हणायचा. तिने पदर सावरला, पर्स पोटाशी धरली आणि धुळ्याच्या भर रस्त्यात ती एक मिनिट चहूकडे पाहत उभी राहिली.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीने, पुण्याला नोकरी करणाऱ्या जिनलने, हा उद्योग त्यांच्या गळ्यात घातला होता. आईवडिलांना सोन्याचं काहीतरी द्यायचं सोडून तिने मालवणच्या चार दिवसांचे पैसे भरले. रुपचंदला पोहता येत होतं, गिरणा नदीत शिकलेला. चेलना चाळीसगावची, माहेरच्या मळ्यातल्या विहिरीत भावांनी कमरेला पांगाऱ्याचा हलका ओंडका बांधून तिला ढकललेलं, तेवढ्या भांडवलावर तीही तयार झाली. भंवरीबाईंना मात्र हे अजिबात पटलं नव्हतं. त्यांच्या तरुणपणी विहिरीचं पाणी फडक्याने गाळायचं आणि फडक्यात राहिलेले जीव जपून पुन्हा त्याच विहिरीत सोडायचे, अशी रीत होती. पाण्याच्या थेंबाथेंबात जीव. ‘आपण पाणी गाळून पिणारी माणसं,’ त्या म्हणाल्या, ‘आणि तुम्ही समुद्रात उड्या मारायला निघालात?’ रुपचंद म्हणाला, ‘बा, आम्ही तिथं कुणाला हात लावत नाही. नुसतं बघतो. मालवणला जाऊन मासा न खाता नुसता बघणारी माणसं आमच्याशिवाय कुणी नसतील.’ खाली तोंडात नळी असते, बोलता येत नाही, एकदा उतरलं की साधारण दोन घटका श्वासाकडे लक्ष ठेवून राहायचं, हे ऐकल्यावर म्हातारी थोडी निवळली. तोंडाला मुहपत्ती बांधून दोन घटका गप्प बसायचं, म्हणजे सामायिकच की ती, असं म्हणाली आणि विषय मिटला.

पहिल्यांदा खाली गेली तेव्हा चेलनाला काय आवडलं असेल, तर शांतता. भांड्यांच्या दुकानावर घर. सकाळी शटर उघडल्यापासून पातेल्यावर झाकण, झाकणावर डाव, कुणी हंडा वाजवून बघतो, कुणी तांब्या आपटून बघतो, आणि संध्याकाळी घर पुन्हा स्वतःच्या भांड्यांनी वाजतं. पाण्याखाली फक्त तिचा श्वास होता. पण शांतता पहिल्या दिवसापुरती. दुसऱ्या दिवशी तिला दुसरंच काही कळलं, आणि ते तिने आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. रुपचंद तिच्याकडे बघत होता. नियमच होता तो. दर चार-पाच श्वासांनी बडीकडे पाहायचं, डोळे पाहायचे, बोटांनी विचारायचं, ठीक? तिनेही तसंच उत्तर द्यायचं, ठीक. रुपचंद नियमाचा पक्का माणूस. तो चार-पाच श्वासांनी वळायचा, काचेआडून तिच्याकडे टक लावून बघायचा आणि उत्तर आल्याशिवाय हलायचा नाही. लग्न झाल्यापासून तिने दोनदा केस कापले होते, एकदा चष्म्याची चौकट बदलली होती, बाळंतपणात निम्मी झाली होती आणि नंतर दुप्पट, आणि या माणसाला त्यातलं काहीही दिसलं नव्हतं. दुष्ट म्हणून नव्हे. दुकानातून वर यायचा, ताटावर बसायचा, ताटातलं बघायचा. आणि आता तोच माणूस, काळा रबरी पोशाख घालून, डोळे काचेमागे मोठे झालेले, तिला विचारत होता, ठीक? उतरत्या वयात चेलना आपल्या नवऱ्याच्या प्रेमात पडली. हसू येण्यासारखंच आहे, पण पडली. वर आल्यावर तो होडीत तिच्याकडे पाठ करून खाखरा खायचा, तेव्हाही तिला पुढची बुडी दिसत असायची.

त्या दिवसांत ती एक खोटं बोलायला लागली. हवेचा काटा प्रत्येकाच्या कमरेला लोंबत असतो. सिलिंडर भरलेलं असतं तेव्हा काटा दोनशेवर, आणि पन्नासवर आला की वर निघायचं. मध्येमध्ये बडी तळहातावर दोन बोटं आपटून विचारतो, किती उरली? आपण बोटं दाखवायची, एक बोट म्हणजे दहा. पहिल्या खेपेला रुपचंदने पाच बोटं दाखवली आणि तिने आपला काटा पाहिला, तर तो शंभरच्याही पुढे होता. पुरुषांची छाती मोठी, त्यात त्याचा स्वभाव घाईचा. तो हवा ढोसायचा. तिची निम्मी शिल्लक होती. ती दहा बोटं वर करणार, एवढ्यात तिला त्याचे डोळे दिसले, काचेमागचे, जरा ओशाळलेले. परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखे नव्हेत, ताटात वाढलेलं आपल्यालाच जास्त आलं की काय असे. तिने पाच बोटं दाखवली. घरी ती तेच करायची. गट्ट्याची भाजी थोडी उरली की ‘माझं पोट भरलं’ म्हणायची. बायका म्हणतातच. दुसऱ्या बुडीला पाच, तिसऱ्या बुडीला पाच. पुढे दर हिवाळ्यात कधी मालवण, कधी कर्नाटकातलं नेत्राणीचं बेट, आणि प्रत्येक वेळी त्याच्या पाचाला तिचे पाच. रुपचंदला या जुळणीचं भारी कौतुक. लग्नकार्यात पंगतीत कुणी विचारलं की सांगायचा, ‘आमचं दोघांचं अगदी बरोबरीनं संपतं. शिक्षकसुद्धा चकित होतात.’ लोक चेलनाकडे बघायचे आणि ती हसायची. हातचं राखून ठेवलेली ती सगळी हवा होडीवर परत जायची आणि संध्याकाळी कुणीतरी खटका दाबून ती फुस्स करून सोडून द्यायचं. ते फुस्स तिला जेवताना ऐकू यायचं. आज डॉक्टरांच्या खोलीत तो जे म्हणाला, ते त्याच्या दृष्टीने अगदी खरं होतं. त्याला तिने कधी दुसरं काही दाखवलंच नव्हतं.

‘अक्का, भरीतना वांगा शेतस. देऊ का?’ हातगाडीवाल्या बाईने विचारलं. चेलनाने मान हलवली. बहुबीज म्हणून त्यांच्या घरात वांगं येत नाही. हिवाळाभर सगळं खानदेश भरीत खातं आणि यांच्या घरात त्याचा नुसता वास येतो. ‘मंग कोनी वाट दखी राहिनात?’ बाईने पुन्हा विचारलं. हातगाडीपुढची जागा अडवून उभं राहिलेल्या माणसाला एवढं विचारायचा तिला हक्क होता.

‘त्या पुढे निंघी ग्यात,’ चेलना म्हणाली. चाळीसगावला माहेरच्या दुकानात बसून शिकलेली अहिराणी अजून जिभेवर होती, आणि तिच्यात नवऱ्यालाही आदराने ‘त्या’ म्हणतात.

‘माणसे पुढेच जातस वं माय,’ बाई वांग्यांवर पाणी शिंपडत म्हणाली. ‘मांगे कव्हय दखतस?’

मिनिट केव्हाच होऊन गेलं होतं. पण चेलना हलली नाही, कारण हे असं पूर्वी एकदा झालं होतं, आणि त्या वेळेलाही ती मिनिटाला हलली नव्हती. मालवणला एका सकाळी पाणी गढूळ होतं, हात लांब केला तर बोटं धूसर दिसावीत इतकं. एका खडकाला वळसा घालताना रुपचंद दिसेनासा झाला. ती थांबली. छातीत एकदा धस्स झालं, ते झालं. मग काय झालं असेल, तर श्वास लांबला. गढूळ हिरव्या पाण्यात, खडकाला एक हात लावून, कुणाला ठीक आहे असं न सांगता ती नुसती होती. काट्याकडे पाहिलं, दीडशेच्या जवळ. सगळी आपली. वर जायला हवं हे माहीत होतं आणि ती गेली नाही. खडकाच्या फटीत एक लहानसा चपटा मासा तोंडाची उघडमीट करत होता, तो बघत राहिली. किती वेळ, कोण जाणे. वर आली तेव्हा रुपचंद लाटांवर तरंगत होता आणि त्याचा चेहरा पाण्याने धुतलेल्या कागदासारखा झाला होता. त्याने हात डोक्यावर कमानीसारखा ठेवून विचारलं, ठीक? पाण्यावर लांबून दिसावं म्हणून असं मोठं करून विचारतात. तिनेही हात डोक्यावर ठेवला. तो रागावला नाही. होडीत चढल्यावर फक्त म्हणाला, ‘मी वर येऊन थांबलो होतो.’ तिला रडू येईल असं वाटलं होतं आणि आलं नाही. उलट त्या दिवसानंतर खडकाजवळचा तो वेळ ती मनात पुन्हापुन्हा काढून बघायची, घडी घातलेल्या नव्या साडीसारखा.

नेत्राणीच्या होडीत मग एक बाई भेटली. साठी उलटलेली, केस बारीक कापलेले, नागपूरकडची. तिचा बडीच नव्हता. मोठ्या सिलिंडरच्या जोडीला एक छोटं सिलिंडर बांधून ती एकटीच उतरायची. तसं शिकून, कागद दाखवून. होडीवाला तरीही कुरकुरत होता. रुपचंदने तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला, की ताई, नळी अडकली, पायात पेटका आला, तर दुसरा माणूस हवा. दोघांनी एकमेकांचे पट्टे तपासायचे, एकमेकांच्या नळीतून श्वास घेऊन बघायचा, हे काय उगाच ठेवलंय? बाई म्हणाली, ‘बरोबर आहे तुमचं. मी नाही म्हणत नाही.’ नंतर रुपचंद दुसऱ्या टोकाला गेल्यावर चेलनाने हळूच विचारलं, ‘भीती नाही वाटत?’ ‘वाटते ना,’ ती म्हणाली. ‘बरोबर कुणी असलं की ती थोडी त्याच्याकडे ठेवायला देता येते. एकटीनं जायचं तर सगळी स्वतःच उचलायची.’ मग आपला काटा पुसत म्हणाली, ‘आणि स्वतःशी खोटं बोलायची सोय राहत नाही. काटा शंभर म्हणाला तर शंभर.’ ती सहज बोलली होती. पण चेलनाचे कान तापले. आपलं बोट न बोट या बाईने पाण्याखाली मोजलेलं आहे, असं तिला वाटलं.

एकटीनं. चातुर्मासात स्थानकात उतरलेल्या साध्वींनी, महासतीजींनी, एकत्व भावनेवर प्रवचन दिलं होतं, जीव एकटा येतो, एकटा जातो, बरोबरीचं कुणी नसतं. स्थानकातल्या बायका माना डोलवत होत्या. चेलनाही डोलवत होती आणि मनातून मालवणच्या खडकापाशी जाऊन बसली होती. पण आता, हातगाडीपाशी, तो खडक नीट दिसेना. खडकाच्या जागी तिला रुपचंदचा धुतलेल्या कागदासारखा चेहराच दिसू लागला. ती खाली स्वतःची हवा मजेत खात होती तेव्हा तो वर काय करत होता? वाट बघत होता. त्याला पाण्यावर थांबायला लावून तिने तो वेळ घेतला होता. म्हणजे तोही एकटीचा नव्हताच. आणि बरोबरीने उतरून, टक लावून बघणाऱ्या माणसाला तिने दरवेळी खोटा आकडा दिला होता, तो वेळ तरी दोघांचा होता का? ‘आमचं दोघांचं बंद’ ऐकून आलेला राग अजून जागचा हलला नव्हता. पण रागाला आता टेकायला जागा सापडत नव्हती. तिला एवढंच पक्कं माहीत होतं, की तिला खाली जायचं आहे. यंदाही. तो नसला तरी. आणि त्याच्या नकळत जायचं नाही, त्याच्यामागून चार पावलांवर चालत चालत हळूच तर मुळीच नाही. त्याला हे कळायला हवं होतं. पर्समध्ये त्याचा फोन मुकाट पडून होता. बसस्टँड दूर नव्हता, जळगावची गाडी मिळाली असती. नुसता राग असता तर ती गेलीही असती.

सूर्य समोरच्या इमारतींच्या मागे उतरायला लागला होता. डबा गाडीत. तो उपाशी, गोळ्यांची वेळ झालेली. तिने पुढे पाऊल टाकलं, आणि मग ती थबकली. पुढे कुठे? नियम पुढे जायचा नव्हताच. नियम वर जायचा होता. तिने मान वर केली.

पुढच्या वळणावर साड्यांचं एक दुमजली दुकान होतं, बाहेरून वर जाणाऱ्या लोखंडी जिन्याचं. जिन्याच्या माथ्यावर, जिथं दुकानाची पोरं चहा पितात तेवढ्या सज्जात, आकाशी शर्ट घातलेला एक माणूस कठड्याला धरून उभा होता. दम लागलेला दिसत होता. हृदयात जाळी बसवलेल्या माणसाने तो उभा जिना चढायला नको होता. तो सगळ्या आग्रा रोडवरून नजर फिरवत होता, घाईने नव्हे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पाण्याखाली शोधतात तशी सावकाश. बघून झालं की पुन्हा पहिल्यापासून. आणि त्याचा उजवा हात डोक्यावर होता, कमानीसारखा. किती वेळ असा उभा होता कोण जाणे. त्याच्यामागे दुकानाच्या दारात दोन पोरं चहाचे कप हातात धरून त्याच्याकडे बघत होती. जळगावचा रुपचंद, आपल्या हृदयाची बातमी सराफ बाजारात जाऊ नये म्हणून धुळ्याला आलेला, भर बाजारात सगळ्यांना दिसेल असा हात डोक्यावर धरून उभा होता.

ती त्याला अजून दिसली नव्हती. एक क्षणभर तिला वाटलं, असंच राहावं, त्याला आपल्याला शोधताना थोडं आणखी बघावं. पण तेवढं खडकापाशी करून झालं होतं. तिने पर्स खांद्यावर टाकली, वांगीवालीच्या पलीकडे दुभाजकाच्या दगडावर चढली आणि उजवा हात डोक्यावर ठेवला.

त्याची नजर फिरत आली, तिच्यावरून गेली, परत आली. हात डोक्यावरून खाली आला आणि पुन्हा वर गेला. ठीक? ठीक. मग त्याने डावा तळहात उघडला आणि त्याच्यावर दोन बोटं आपटली. किती उरली? त्याने ते का विचारलं असेल, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ठीक झाल्यावर पुढचा प्रश्न तोच असतो, हात आपोआप जातो. आणि तिचाही उजवा हात आपोआप वर गेला, पाच बोटं, नेहमीची. पाच बोटं हवेत असताना तिला ती स्वतःची वाटेनात. तिला डॉक्टरांच्या खोलीतलं आपलं हसू आठवलं आणि पंगतीतलं, आणि ते संध्याकाळचं फुस्स. मग तिने डावा हात वर केला. दहाही बोटं उघडी, सगळ्या रस्त्याला दिसतील अशी.

रुपचंद बघत राहिला. त्याने पुन्हा तळहातावर बोटं आपटली. आकड्यात चूक वाटली तर पुन्हा विचारायचं असतं. तिने हात खाली घेतले नाहीत. दहा. तिला भीती वाटत होती, खरीखुरी भीती, समुद्रात कधी वाटली नव्हती एवढी, की आता हा माणूस सगळे हिवाळे एकेक करून मोजणार. तो मोजत होताच. इतक्या लांबूनही तिला ते दिसत होतं. तो कठडा धरून जरासा वाकला, मान खाली घातली, वर केली. एक रिक्षावाला हॉर्न वाजवून ओरडला, ‘अक्का, उतरा खाली.’ ती उतरली नाही. मग रुपचंदने कठडा सोडला आणि आपले दोन्ही हात वर केले. दहा बोटं. आकडा समजला, म्हणजे तो बडीला तसाच परत दाखवायचा, हाही नियमच होता.

हात खाली आल्यावर त्याने स्वतःच्या छातीकडे बोट केलं आणि अंगठा वर दाखवला. मी वर. ते तर डॉक्टरांनीच ठरवलं होतं. त्यानंतर त्याने तिच्याकडे बोट केलं, आणि तो हात तसाच राहिला, पुढचं काही न सांगता. चहावाली पोरं त्याच्याकडून तिच्याकडे आणि तिच्याकडून त्याच्याकडे बघू लागली. तिला वाटलं, आता म्हणेल, तूही वर. तेच म्हणायची सवय होती त्याला, आणि ती चढून गेलीही असती, पुन्हा एकदा, आणि त्यानंतर तिने या माणसाकडे कसं पाहिलं असतं कुणास ठाऊक. त्याने मूठ वळली. अंगठा काढला आणि सावकाश, तिला नीट दिसावा म्हणून हात कठड्याबाहेर लांब काढून, तो खाली केला. तू उतर.

‘काय म्हनी राहिनात त्या?’ वांगीवालीने विचारलं. तीही गाडी सोडून बघायला पुढे आली होती.

‘जाय म्हनी राहिनात,’ चेलना म्हणाली, आणि मग तिला ते रडू आलं, जे होडीत आलं नव्हतं.

रुपचंद लोखंडी जिना उतरायला लागला होता. एका हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, म्हाताऱ्या माणसासारखा. एका पायरीवर थांबून त्याने ती आहे ना ते पाहिलं, पुढच्या पायरीवर पुन्हा पाहिलं. ऊन त्याच्या शर्टावरून निघून गेलं होतं, जेवायला थोडाच वेळ उरला होता. चेलनाने दगडावरून खाली उतरून डोळे पुसले, पर्समधून त्याचं घड्याळ आणि अंगठी काढून हातात धरली, आणि ती हातगाडीपाशीच उभी राहिली. या वेळी यायचं त्याने होतं.